धर्मगुरूंची घंटा आणि वैद्याचे हात

शाळांच्या विज्ञान-प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हांला अधूनमधून येतो. अशाच एका प्रदर्शनात सातवीतील एका मुलीने मेथीच्या दोन कुंड्या मांडल्या होत्या. एक कुंडी तिने अंगणात उन्हात ठेवली होती व तिला रोज पाणी घातले होते. दुसरी माळ्यावर अंधारात ठेवली होती आणि शिडी चढणे जिकिरीचे म्हणून तिला आठवड्यातून दोनदाच पाणी मिळाले होते. पहिलीतील मेथी तरारली होती, दुसरीतील पिवळी पडून माना टाकून बसली होती. खाली सुवाच्य अक्षरांत निष्कर्ष लिहिला होता : रोपांच्या वाढीस सूर्यप्रकाश आवश्यक आहे.

निष्कर्ष खोटा नव्हता, पण त्या दोन कुंड्यांतून तो निघत नव्हता. आम्ही विचारले, "बाळ, ही मेथी उन्हावाचून सुकली की पाण्यावाचून?" मुलगी क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "ते आता कसं सांगणार, सर? माळ्यावर चढायचा मीच कंटाळा केला."

त्या उत्तराने आम्हांला पाठ्यपुस्तकातील एका रूक्ष वाटणाऱ्या धड्याची आठवण झाली. प्रयोग करणारा स्वतःच्या इच्छेने जी गोष्ट बदलतो तिला 'स्वतंत्र चल' म्हणतात. त्या बदलापायी जी बदलते आणि जिचे आपण मोजमाप घेतो ते 'अवलंबी चल'. उरलेल्या गोष्टी जशाच्या तशा राखावयाच्या, म्हणजे परिणामाचे श्रेय किंवा दोष भलत्याच कारणाच्या पदरी पडत नाही. विद्यार्थी ही व्याख्या परीक्षेपुरती पाठ करतात व विसरतात. परंतु एके काळी या व्याख्येवर हजारो बाळंतिणींचे प्राण टांगलेले होते, आणि ती नीट लागू करण्यासाठी एका वैद्याला स्वतःच्याच हातांवर आरोप ठेवावा लागला. तो इतिहास आमच्या वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

व्हिएन्ना शहरातील सार्वजनिक रुग्णालय सम्राट दुसरा जोसेफ याने 1784 साली उघडले. त्याचे प्रसूतिगृह पुढे युरोपातील अतिशय मोठ्या प्रसूतिगृहांत गणले जाऊ लागले. येथे येणाऱ्या स्त्रिया बहुधा गरीब, पुष्कळशा अविवाहित. त्यांना उपचार विनामूल्य मिळत आणि त्याच्या मोबदल्यात त्यांच्यावर नवशिके हात शिकत. प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. 1840 च्या सुमारास अशी वाटणी झाली, की पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकतील व दुसऱ्यात सुइणी. दोन्ही विभाग एकमेकांना लागून होते. कोणत्या दिवशी आलेली स्त्री कोणत्या विभागात जाईल हे ठरलेले असे. आठवड्याचे वार दोघांत वाटले होते.

या दोन विभागांत एक भयंकर अंतर होते. आपल्याकडे ज्याला बाळंतरोग म्हणत आणि वैद्य ज्याला सूतिकाज्वर म्हणतात, त्याने पहिल्या विभागात कहर मांडला होता. 1846 साली पहिल्या विभागात 4010 बाळंतपणे झाली व 459 माता दगावल्या, शेकडा 11.4. त्याच वर्षी दुसऱ्या विभागात 3754 बाळंतपणांत 105 माता दगावल्या, शेकडा 2.8. हे एका वर्षाचे दुर्दैव नव्हते. 1841 ते 1846 या सहा वर्षांची बेरीज केली तरी पहिल्यात शेकडा 9.92 आणि दुसऱ्यात 3.88 असेच प्रमाण येई. शहरातील गरीब बायकांना हे कोष्टक पाहावे लागत नव्हते. पहिल्या विभागाचा वार आहे असे कळताच त्या गुडघे टेकून, हात जोडून, आम्हांला दुसरीकडे पाठवा म्हणून विनवण्या करीत. कित्येकींची प्रसूती रुग्णालयाच्या वाटेवरच, रस्त्यात होई. नवल असे की रस्त्यात बाळंत होऊन मग पहिल्या विभागात आलेल्या स्त्रियांना हा ताप कमी प्रमाणात येत असे.

1846 च्या जुलै महिन्यात या पहिल्या विभागात प्राध्यापक योहान क्लाइन यांचे साहाय्यक म्हणून एक अठ्ठावीस वर्षांचा वैद्य रुजू झाला. त्याचे नाव इग्नाझ फिलिप सेमेलवाइस. बुडा शहरातील एका कॅथलिक वाणसौदा विकणाऱ्या कुटुंबात 1 जुलै 1818 रोजी त्याचा जन्म झालेला. दोन विभागांतील हे अंतर त्याच्या जिवाला लागून राहिले.

त्या काळचे विद्वान या मृत्यूंचे कारण हवेत, आकाशात व भूगर्भात शोधीत. वातावरणात काही अदृश्य दोष साचतो व तो साथ आणतो, असे मानले जाई. सेमेलवाइसने साधा प्रश्न केला. दोन्ही विभाग एकाच आवारात, एकाच हवेत आहेत. मग हवा एका विभागातील बाळंतिणीला मारते आणि शेजारच्या विभागातील बाळंतिणीला सोडते, हे कसे? जी गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, ती दोघांतील फरकाचे कारण होऊ शकत नाही. अन्न तेच, धुलाई तीच, खोल्यांची मोकळी हवा तशीच. ही सारी कारणे त्याने याच न्यायाने बाजूला काढली. गर्दीचे कारणही टिकले नाही, कारण बायका जीव मुठीत धरून दुसऱ्या विभागाकडे धाव घेत, त्यामुळे गर्दी तेथेच अधिक होई.

येथवर जे झाले ते निरीक्षण होते. सेमेलवाइसने काही बदलले नव्हते. जे होते त्याची तुलना केली होती. प्रयोगाला खरा आरंभ होतो तो एखादी गोष्ट हेतुपुरस्सर बदलण्यापासून. अशा बदलाचा एक प्रसंग आमच्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल.

पहिल्या विभागात मरणासन्न रुग्णांची खोली अगदी टोकाला होती. तेथे रुग्णाभ्यंग व ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी येणाऱ्या धर्मगुरूंना पाच कक्षांमधून जावे लागे. त्यांच्यापुढे एक सेवक रिवाजानुसार घंटा वाजवीत चाले. प्रसूतीच्या वेदना सोसत पडलेल्या स्त्रिया ती किणकिण ऐकत. आज कोणाची पाळी, उद्या आपली तर नव्हे ना, या विचाराने त्यांच्या छातीत धस्स होई. दुसऱ्या विभागात धर्मगुरूंना थेट त्या खोलीत जाता येई. इतरांना त्यांची चाहूलही लागत नसे. म्हणून काहींचे म्हणणे पडले की ही भीतीच ज्वराचे कारण आहे. स्वतः सेमेलवाइसच्याही काळजात त्या घंटेने चरचर होई. त्याने धर्मगुरूंना विनंती केली की त्यांनी आडवाटेने, घंटा न वाजवता, गुपचूप यावे. त्यांनी ती मानली. विभाग शांत झाला, भीतीचे एक कारण उणे झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र तसूभरही हलले नाही.

या प्रसंगाकडे घटकाभर थांबून पाहावे. घंटा व मार्ग हे झाले स्वतंत्र चल, कारण ते सेमेलवाइसने बदलले. ज्वराने होणारे मृत्यू हे अवलंबी चल, कारण ते त्याने मोजले. स्वतंत्र चल बदलले आणि अवलंबी चल जागच्या जागी राहिले. म्हणजे दोघांत कार्यकारणाचे नाते नव्हते. प्रयोग फसला असे कोणी म्हणेल, पण आमच्या मते तो उत्तम साधला. एक कारण निर्दोष ठरले, आणि निर्दोषाला सोडून दिल्याखेरीज दोषी सापडत नाही. संस्कार देणाऱ्यावरचा ठपका अशा रीतीने पुसला गेला.

मग त्याने बाळंतिणीची निजण्याची रीत बदलली. पहिल्या विभागात स्त्रिया पाठीवर निजून प्रसूत होत, दुसऱ्यात कुशीवर. त्याने पहिल्यातही कुशीवर निजविण्याचा प्रघात पाडला. पुन्हा तेच, मृत्यू कमी झाले नाहीत. याच सुमारास सरकारी चौकशी समितीने निराळा निर्णय दिला. विद्यार्थी, विशेषतः परदेशी विद्यार्थी, तपासणी करताना आडदांडपणा करतात, त्याने इजा होऊन ज्वर येतो, असे तिचे मत. विद्यार्थ्यांची संख्या निम्म्यावर आणली गेली, तपासण्या कमी झाल्या. काही महिने मृत्यू खरोखरच घटले आणि समितीचे म्हणणे खरे ठरल्यासारखे भासले. परंतु 1847 च्या एप्रिलमध्ये आकडा पुन्हा उसळला. त्या एका महिन्यात पहिल्या विभागात 57 माता गेल्या, शेकडा अठरांहून अधिक.

मधल्या काळात काय झाले होते? नेमणुकीच्या अडचणीमुळे सेमेलवाइसला काही महिने आपली जागा सोडावी लागली होती. मार्च 1847 मध्ये तो मित्रांसह व्हेनिसची चित्रे पाहून परतला आणि 20 मार्चला पुन्हा कामावर रुजू झाला. त्याची शिस्त अशी, की रोज सकाळी रुग्णतपासणीपूर्वी शवागारात जाऊन आदल्या दिवशी दगावलेल्या स्त्रियांचे शवविच्छेदन करावयाचे. या स्त्रिया का मेल्या हे कळल्याखेरीज जिवंत असलेल्यांना वाचविता येणार नाही, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा होती. तो परतला, शवविच्छेदने पुन्हा नेमाने सुरू झाली, आणि एप्रिल महिना उजाडला.

त्याला याचा अर्थ लागला तो एका मित्राच्या मृत्यूने. न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेट्श्का हे त्याचे स्नेही. शवविच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याच्या सुरीचे टोक त्यांच्या बोटाला लागले आणि थोड्याच दिवसांत त्यांचा अंत झाला. व्हेनिसहून परतताच ही वार्ता सेमेलवाइसच्या कानी पडली. शोकाकुल मनाने त्याने मित्राच्या शवविच्छेदनाचा वृत्तान्त वाचला, आणि त्याला त्यात ओळखीची लक्षणे दिसली. शेकडो बाळंतिणींच्या देहात जे पाहिले होते, तेच येथे होते. कोलेट्श्का पुरुष. त्यांना ना गर्भ, ना प्रसूती, ना घंटेचे भय. त्यांच्या रक्तात सुरीबरोबर प्रेताचा अंश गेला होता, एवढेच. मग बाळंतिणींच्या देहात तो अंश कोण नेत होते?

उत्तर त्याच्या मनगटाला जोडलेले होते. शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येणारे वैद्य व विद्यार्थी साबणाने हात धूत, पण प्रेताचा दर्प त्या हातांना तसाच राही. दुसऱ्या विभागातील सुइणी शवविच्छेदन करीत नसत. रस्त्यात बाळंत झालेल्या स्त्रियांची प्रसूतीच्या वेळी अशी तपासणी झालेलीच नसे. विखुरलेली सारी निरीक्षणे एका सुतात ओवली गेली. जुन्या नोंदीही साक्ष देऊ लागल्या. 1822 पर्यंत, जेव्हा विद्यार्थ्यांना प्रेतावर नव्हे तर पुतळ्यावर प्रसूतिशास्त्र शिकविले जाई, तेव्हा या प्रसूतिगृहात शेकडा सव्वाच्या आसपास माता दगावत.

1847 च्या मे महिन्याच्या मध्यास त्याने विभागाच्या दारात क्लोरीनच्या द्रावणाचे पात्र ठेविले आणि त्यात हात धुतल्यावाचून कोणीही बाळंतिणीला शिवू नये असा दंडक घातला. पुढे खर्च कमी व्हावा म्हणून क्लोरीनयुक्त चुना वापरात आला. आपण विहिरीत टाकतो ती ब्लीचिंग पावडर ती हीच. एप्रिलमध्ये शेकडा 18.3 आणि मे महिन्यात 12.2 असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये 2.2 वर आले, जुलैत 1.2 वर. हा ऋतूचा खेळ म्हणावा तर 1848 हे सबंध वर्ष साक्षीला आहे. पहिल्या विभागात 3556 बाळंतपणांत 45 मृत्यू, शेकडा 1.27; दुसऱ्यात 3219 बाळंतपणांत 43 मृत्यू, शेकडा 1.33. जे अंतर वर्षानुवर्षे मिटले नव्हते ते मिटले होते.

दुसऱ्या विभागाचे महत्त्व येथे ध्यानी घ्यावे. तो नसता तर सेमेलवाइसजवळ तुलनेला काहीच उरले नसते. हवा, ऋतू, अन्न, शहरातील रोगराई या गोष्टी दोन्हीकडे एकत्रच बदलत होत्या. म्हणून दुसरा विभाग तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखा उपयोगी पडला. स्त्रियांची वाटणी वारांनुसार होत असल्याने धट्ट्याकट्ट्या एकीकडे आणि अशक्त दुसरीकडे असाही पक्षपात फारसा नव्हता. कोणी न आखता असा प्रयोग आखला गेला होता. त्यातील स्वतंत्र चल ओळखणारा तेवढा हवा होता.

प्रयोगाने प्रयोगकर्त्याला पुढेही धडे दिले. 1847 च्या ऑक्टोबरात पहिल्या विभागातील पहिल्या खाटेवर गर्भाशयाचा सडलेला कर्करोग असलेली एक स्त्री दाखल झाली. तिला तपासून मग पुढच्या खाटांवरील स्त्रियांना तपासले जाई, पण दोहोंच्या दरम्यान हात केवळ साबणाने धुतले जात. तिच्याबरोबर असलेल्या बारा बाळंतिणींपैकी अकरा दगावल्या. तेव्हा सेमेलवाइसला कळले की आपण स्वतंत्र चल अर्धेच ओळखले होते. केवळ प्रेताचाच नव्हे, तर जिवंत देहातील कुजलेला अंशही मारक ठरतो. त्याने नियम सुधारला. प्रत्येक रुग्णानंतर हात क्लोरीनने धुवावयाचे.

इतके लख्ख प्रमाण हाती असता वैद्यकजगताने ते डोक्यावर घेतले असेल असे वाचकांस वाटेल. तसे घडले नाही. स्नेही फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी नियतकालिकातून या शोधाची द्वाही फिरविली, पण खुद्द सेमेलवाइसने सविस्तर लिहावयास फार विलंब केला. त्याचा ग्रंथ 1861 सालचा. तोवर विरोधकांनी मते पक्की केली होती. क्लोरीनने नेमके काय नष्ट होते हे त्याला दाखविता येत नव्हते, कारण जंतूंचे ज्ञान अद्याप उगवायचे होते. पण आमच्या मते याहून खोल कारण निराळे होते. हवा दोषी असेल तर वैद्य निर्दोष. घंटा दोषी असेल तरी वैद्य निर्दोष. हात दोषी ठरले तर मात्र आजवर आपल्या हाताखाली मेलेल्या प्रत्येक मातेचा हिशोब वैद्याच्या दारात येऊन उभा राहतो. तो हिशोब उघडण्याचे धैर्य थोड्यांनाच होते. कील येथील प्रसूतितज्ज्ञ मिखाएलिस यांनी तो उघडला. आपल्याच एका आप्त स्त्रीला आपल्या हातून ज्वर जडला हे त्यांना उमगले आणि 1848 मध्ये त्या ओझ्याखाली त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. सेमेलवाइसनेही आपल्या ग्रंथात कबुली दिली आहे, की शवविच्छेदनात तो इतर बहुतेकांहून अधिक गढलेला असल्याने त्याच्यापायी किती स्त्रिया अकाली गेल्या, हे एका परमेश्वरालाच ठाऊक. शास्त्रीय ग्रंथांत असा पापनिवेदनाचा सूर क्वचितच ऐकू येतो.

1849 साली व्हिएन्नातील त्याची नेमणूक पुढे चालविली गेली नाही. तो मायदेशी पेस्ट शहरात गेला. तेथील सेंट रोख रुग्णालयात सहा वर्षांत 933 बाळंतपणांपैकी ज्वराने केवळ 8 मृत्यू झाले. तरीही उपहास थांबला नाही. त्याची लेखणी कडवट होत गेली. विरोधकांना त्याने जाहीर पत्रांतून खुनी म्हटले. पुढे त्याचे मनःस्वास्थ्य ढळले आणि 1865 च्या जुलैअखेर त्याला व्हिएन्नानजीकच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. दोनच आठवड्यांत, 13 ऑगस्ट 1865 रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, जखमेतून शरीरभर पसरलेल्या विषाने त्याचा अंत झाला. ज्या रोगाशी तो आयुष्यभर झुंजला त्याच जातीचा हा रोग. आदल्याच दिवशी ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक आम्ल लावून जंतुनाशक शस्त्रक्रियेच्या युगाचा आरंभ केला होता. 1879 साली लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये सूतिकाज्वराचा जंतू सर्वांसमक्ष फळ्यावर रेखाटून दाखविला. सेमेलवाइसच्या हातांवरील अदृश्य अंशाला अखेर आकार मिळाला.

या इतिहासापासून दोन गोष्टी घ्याव्या असे आम्हांला वाटते. पहिली बुद्धीची. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम मोजावा, आणि जे बदलूनही काही घडत नाही त्याला निर्दोष म्हणून सोडून द्यावे. कारणामागील यंत्रणा उद्या कळेल. कारण मात्र आज ओळखता येते. क्लोरीनचे पात्र जंतूच्या शोधासाठी बत्तीस वर्षे थांबले असते, तर किती घरे मातेवाचून पडली असती! दुसरी गोष्ट अंतःकरणाची. एखाद्या घरात, संस्थेत अथवा समाजात काही बिघडले म्हणजे आपण कारणांची यादी करतो. हवा वाईट, काळ वाईट, परके लोक वाईट. त्या यादीत आपले स्वतःचे हात बहुधा नसतात. दोष हेतूचा असतो असेही नव्हे. सेमेलवाइस शवागारात जात होता तो जीव वाचविण्यासाठीच. शुद्ध हेतू आणि शुद्ध हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला सत्तावन्न मातांच्या मरणाने शिकविले.

मेथीच्या कुंड्या मांडणाऱ्या त्या मुलीला आम्ही बक्षीस दिले की नाही, हे येथे सांगत नाही. पुढल्या वर्षी ती पुन्हा आली. या खेपेस दोन्ही कुंड्यांत रोज सारखेच, पेला मोजून पाणी घातले होते, आणि कुंड्यांशेजारी एक वही ठेवली होती. वहीच्या पहिल्या पानावर तिने लिहिले होते : रोज माळ्यावर चढले.